३९,६१२ किलोमीटर आणि संत्र्याची एक फोड

टेकडीवाला६४ | ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे आणि दोन महिन्यांत घर रिकामं करायचंय. माळा आवरताना पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात माझ्या पळण्याच्या डायऱ्या. बँकेत नोकरी केल्याचा एक फायदा म्हणजे दर जानेवारीत फुकट डायरी मिळायची. लोक त्यात दुधाचा हिशोब लिहायचे, मी किलोमीटर लिहिले. पहिली नोंद २ जानेवारी १९८४, सोमवार: "एस.पी. कॉलेज ते डेक्कन कॉर्नर आणि परत. दम लागला. थंडी."

बायको म्हणाली, रद्दीत देताय का बरोबर नेताय ते आज ठरवा. मी म्हटलं, देण्याआधी बेरीज तरी करतो. तीन रात्री गेल्या. बेरीज आली ३९,६१२ किलोमीटर.

हा आकडा बघून मी जरा वेळ गप्प बसलो, कारण पृथ्वीचा परीघ शाळेत पाठ केलेला होता: विषुववृत्तावर ४०,०७५. म्हणजे प्रदक्षिणा पूर्ण व्हायला ४६३ किलोमीटर बाकी. हल्ली मी आठवड्याला अठरा-वीसच्या वर जात नाही. म्हणजे एप्रिलअखेर होईल. धागा काढायचं कारण हेच. शेवटचा किलोमीटर कुठे पळावा, सुचवा. पण त्याआधी थोडं पाल्हाळ सहन करा, डायऱ्या उघडल्यात तर.

सुरुवात कशी झाली? १९८३ साली पुण्यात पहिली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, एस.पी.ला. रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिली. पुढे गेलेल्यांचं मला काही वाटलं नाही, ते वेगळ्याच धातूचे दिसत होते. शेवटी शेवटी एक काका आले. टक्कल, ढगळ हाफ पँट, शाळेच्या पीटीला असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. चेहऱ्यावर हिशोब चुकलेल्या माणसाचा भाव, पण पाय चालू. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. पुढच्या जानेवारीत मी तसलेच बूट घेतले.

तेव्हा पहाटे पळणारा माणूस संशयित असायचा. १९८६ च्या हिवाळ्यात लकडी पुलावर एका हवालदारांनी मला अडवलं. "कुठून पळालास?" मी म्हटलं, सदाशिव पेठेतून. ते म्हणाले, "ते कळलं. काय घेऊन पळालास?" खिसे उलटे करून दाखवले तेव्हा सुटका झाली. त्या दिवशीच्या नोंदीत "४ किमी (मध्ये थांबा)" एवढंच लिहिलंय.

पहिली फुल मॅरेथॉन पुण्यातच, १९९४, वय तीस. तयारी म्हणजे रोज जेवढं पळायचो तेच जरा जास्त. ३१ किलोमीटरपर्यंत मी राजा होतो. त्यानंतर कुणीतरी दिवे घालवल्यासारखं झालं. पाय दुखत नव्हते, ते माझे नव्हतेच. पुढचे अकरा किलोमीटर बरेचसे चाललो. ४ तास ५१ मिनिटं. घरी आल्यावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून आईला हाक मारली. ती वरून म्हणाली, "एवढं पळता येतं आणि वर येता येत नाही?"

आता मुंबई. जानेवारी २००९, वय ४४. आयुष्यातली सगळ्यात शिस्तीची तयारी. चार महिने दर रविवारी लांब पल्ला, बुधवारी टेकडी, जिलबी बंद. ध्येय एकच: चार तासांच्या आत. पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पस्तीसच्या पुढे किलोमीटर झालेले असतात आणि त्या चढाला काही दयामाया नाही. तरी मी वेळेत होतो. चढ संपता संपता एक पारशी आजी खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर संत्र्याच्या फोडींचं ताट. मी एक फोड घेतली. त्यांनी विचारलं, कुठून आलास? आता इथे कुणीही शहाणा माणूस "पुणे" म्हणून पुढे गेला असता. मी थांबलो आणि उत्तर दिलं. पुणेकर असल्यामुळे सविस्तर दिलं.

४:००:३७. चिपची वेळ, म्हणजे सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासून मोजलेली, त्यामुळे गर्दीचंही कारण नाही.

३७ सेकंद म्हणजे त्या दिवशीच्या माझ्या वेगाने १०८ मीटर. हे घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, मग जपमाळ घ्या हातात. त्यानंतर तीनदा प्रयत्न केला, चारच्या आत कधीच आलो नाही. एकदा तर शर्यत पूर्णही झाली नाही. नाव घेत नाही, पण तिथे अठ्ठावीसच्या पुढे पाण्याचे स्टॉल नुसतेच उभे होते, पाणी संपलेलं. चक्कर यायला लागल्यावर टेम्पोत बसलो. टेम्पोत आम्ही सहा जण होतो आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

२०२० चा लॉकडाऊन गच्चीवर. एक फेरी ४२ मीटर, चोवीस फेऱ्यांचा किलोमीटर. चुकू नये म्हणून कठड्यावर तुरीचे दाणे मांडून एकेक उचलायचो. खालच्या मजल्यावरून निरोप आला की छतातून धपधप येते. मग अनवाणी पळायला लागलो.

असो. शेवटचा किलोमीटर कुठे?

धापाधाप | रात्री १०:०५

काका, आधी साष्टांग! मी ४३ व्या वर्षी पळायला लागले, आता दोन वर्षं झाली. पाषाण तलावाच्या बाजूला सकाळी आमचा बायकांचा ग्रुप असतो. १० किमीच्या वर गेले नाहीये. तुमचं ते "हे आपल्याला जमेल" वाचून हसू आलं, कारण मलाही असंच एका काकूंना बघून वाटलं होतं. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, आणि मला मागे टाकून गेल्या.

माझं मत: वेताळ टेकडी. पहाटे वर मोर ओरडत असतात.

वाचनमात्र | रात्री १०:३१

इथे आठ वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. माझे वडील असेच पळायचे. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. डायऱ्या रद्दीत देऊ नका एवढंच सांगायला लॉगिन केलं.

सदाशिवपेठी | रात्री ११:१२

लेख बरा आहे. काही दुरुस्त्या.

१. लूना, सायकल, पावलं, घड्याळ? अंतर कशाने मोजलंत हे कुठेच लिहिलेलं नाही. त्याशिवाय ३९,६१२ या आकड्याला अर्थ नाही.

२. परीघ "पाठ केलेला" असला तरी ४०,०७५ हा विषुववृत्तावरचा. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. ध्रुवांवरून गेलात तर ४०,००८. तब्बल ६७ किलोमीटरचा फरक. कुठल्या वाटेने जाताय ते आधी ठरवा.

३. "चेहऱ्यावर हिशोब चुकलेल्या माणसाचा भाव" हे चांगलं आहे.

टेकडीवाला६४ | १० नोव्हेंबर, सकाळी ७:२०

@सदाशिवपेठी, लूना बरोबर ओळखलंत! एस.पी.पासून विद्यापीठाच्या गेटपर्यंत आणि परत, ही माझी हक्काची फेरी. मित्राच्या लूनाच्या मीटरवर दहा किलोमीटर भरली होती. २०१३ मध्ये मुलीने जीपीएसचं घड्याळ दिलं, त्यावर तीच फेरी ९.४. म्हणजे एकोणतीस वर्षं मी दर फेरीला सहाशे मीटर फुकटचे लाटत होतो. बेरीज करताना २०१३ पूर्वीच्या सगळ्या आकड्यांना सहा टक्के कात्री लावली आहे. ३९,६१२ हा कात्रीनंतरचा आकडा. बँकेत असा हिशोब ठेवला असता तर बढती मिळाली असती.

ध्रुवांवरून जायला माझ्याकडे स्वेटर नाही.

@वाचनमात्र, देत नाही. ट्रंक नव्या घरी येतेय. बायकोने कबूल केलंय, पण ती तिच्या कपाटात नको या अटीवर.

हाडवैद्य | सकाळी ९:४८

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दोन शब्द. १९९४ ला ३१ व्या किलोमीटरला तुमचे जे दिवे गेले, त्याला पळणारे "भिंत" म्हणतात. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात जो साठा असतो तो साधारण तीसेक किलोमीटर पुरतो. नंतर शरीर चरबीवर जास्त भिस्त ठेवतं, आणि चरबी जळते पण सावकाश. त्यामुळे वेग कोसळतो. आज पळणारी मुलं वाटेत जेल, खजूर, चिक्की खातात ती यासाठी. तुम्ही त्या दिवशी काय खाल्लं होतं?

आणि गुडघे? बासष्टीच्या आसपास एवढी मजल मारलेल्या माणसाचे गुडघे बघायला मला मनापासून आवडेल. "पळून गुडघे झिजतात" हे मला रोज ऐकावं लागतं. हौशी पळणाऱ्यांमध्ये तसं सरसकट दिसत नाही. माझ्याकडे येणारे गुडघे बहुतेक खुर्चीतून येतात.

टेकडीवाला६४ | सकाळी १०:१५

साबुदाण्याची खिचडी. आदल्या रात्रीही खिचडी. रविवार होता, उपवास नव्हता, आईला वाटलं हलकं असतं. वाटेत फक्त पाणी आणि एका ठिकाणी ग्लुकोजची बिस्किटं.

गुडघे ठीक आहेत. डाव्या टाचेचं मात्र २०१७ पासून चाललंय. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचणी. बाटली गोठवून तळव्याखाली फिरवतो.

हाडवैद्य | सकाळी १०:२२

प्लँटर फॅसिआयटिस (तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं) असावा, पण न बघता बोलत नाही. बाटली चालू ठेवा, पोटऱ्या ताणा. आणि कृपा करून गच्चीवर अनवाणी पळू नका.

अटकमटक | दुपारी १:४०

काका, ३७ सेकंदांचं दुःख सोडा. वयानुसार वेळा तोलायचे तक्ते असतात, मास्टर्सवाले, म्हणजे मोठ्या वयोगटातले खेळाडू, वापरतात. तुमची शेवटची फुल कधीची आणि किती वेळाची?

टेकडीवाला६४ | दुपारी २:०५

मुंबईच, २०१९. वय ५४. ४:१२.

अटकमटक | दुपारी २:३०

मग झालं की! तक्त्यात घालून बघितलं. ५४ व्या वर्षीची ४:१२ ही ४४ व्या वर्षीच्या ४:००:३७ पेक्षा चांगलीच सरस ठरते. उलट चव्वेचाळीशीच्या मापात बसवली तर ती चारच्या आत येते. पेढे वाटा.

टेकडीवाला६४ | दुपारी ३:१०

अटकमटक, मन भरून आलं. पण मला ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीत आनंद घ्यायची अजून सवय नाही. रेल्वेची सवलत बंद झाली ती झाली, ही मीच घेत नाही. चार तास म्हणजे चार तास.

खरं सांगायचं तर त्या संत्र्याच्या फोडीचा मला पश्चात्ताप होत नाही, हीच माझी पंचाईत आहे. आजींना मी काय सांगितलं ते शब्दन् शब्द आठवतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तळजाई, पहाटेची टेकडी, मुलीची दहावी. त्या म्हणाल्या, "तो जा ने, दीकरा." त्यानंतरचे मरीन ड्राइव्हचे तीन किलोमीटर मी जेवढ्या जोरात पळालो तेवढा पुन्हा कधी पळालो नाही. आणि तरीही ३७. दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा मावतात हे मला सोळा वर्षांत कळलेलं नाही.

धापाधाप | दुपारी ३:२५

काकूंचं म्हणणं काय आहे? तुम्ही त्यांचे सगळे विनोद वापरताय, त्यांना श्रेय द्या.

टेकडीवाला६४ | दुपारी ३:४०

देतो. चाळीस वर्षांपैकी पस्तीस वर्षं तिने पहाटेचा चहा केला नाही, मी परत आल्यावर केला. ती म्हणते, आधी केला असता तर तू पळालाच नसतास. ती स्वतः एकदाच आली, २०१४ ला साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला. यवतेश्वरचा घाट चढून वर धुक्यात गेलो, वळून उतरलो, मांड्यांचा भुगा झाला, चढापेक्षा उतार पाय जास्त फोडतो. खाली आलो तर ही कंदी पेढ्यांची दोन खोकी घेऊन उभी. तिचा दिवस माझ्यापेक्षा चांगला गेला होता.

सदाशिवपेठी | रात्री ९:०२

पळण्यावर एवढा धागा होतो आणि पुण्याचं खरं योगदान कुणी लिहीत नाही. डेक्कन जिमखाना १९०६ चा. १९१९ च्या तिथल्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा आले होते. अनवाणी पळणारी गावाकडची माणसं बघून ते चकित झाले आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय संघ गेला. मॅरेथॉनला दोघे होते: फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. बेळगावचे चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं. आणि ती मॅरेथॉन ४२.१९५ नव्हती. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, ऑलिम्पिकच्या इतिहासातला सगळ्यात लांब.

म्हणजे चौगुल्यांनी तुमच्यापेक्षा ५५५ मीटर जास्त काढले, तासभर आधी. माहितीसाठी.

टेकडीवाला६४ | रात्री ९:१५

दंडवत. ५५५ मीटर म्हणजे माझी तीन मिनिटं. एवढ्यात मी आजींना दहावीचे सगळे विषय सांगितले असते.

अटकमटक | रात्री ९:३०

बरं, शेवटचा किलोमीटर. आतापर्यंतची मतं: वेताळ टेकडी १. मी सिंहगड म्हणतो. पायथ्यापासून वर, पिठलं-भाकरीने सांगता.

हाडवैद्य | रात्री ९:४१

सिंहगड त्या टाचेने नाही.

पाणीपुरवठा | रात्री १०:२०

एस.पी. ते डेक्कन कॉर्नर. जिथून सुरू केलं तिथे. दुसरं काय असणार? फक्त पहाटे पाचच्या आत उरका, नंतर टिळक रोडवर पळणारा माणूस आणि आत्महत्या करणारा माणूस यांत फरक उरत नाही.

नकाशेबहाद्दर | ११ नोव्हेंबर, रात्री १२:५०

सगळे विषुववृत्तावर आणि ध्रुवांवर का पळताय? काका पुण्यात राहतात.

पुणे साधारण १८.५२ उत्तर अक्षांशावर. पुण्यातून सरळ पूर्वेकडे निघालात, तोच अक्षांश धरून ठेवला, आणि पश्चिमेकडून परत पुण्यात शिरलात, तर ते वर्तुळ विषुववृत्तापेक्षा लहान भरतं. ४०,०७५ ला १८.५२ अंशांच्या कोसाइनने गुणा. ३८,००० किलोमीटर, दहा-बारा इकडेतिकडे.

काका, तुमचे ३९,६१२ झालेत. म्हणजे तुमची प्रदक्षिणा कधीच पूर्ण झाली. तुम्ही घरावरून पुढे निघून गेलात. सध्या सोळाशे किलोमीटर पूर्वेला, बंगालच्या उपसागराच्या साधारण मध्यावर आहात.

धापाधाप | सकाळी ६:१०

आई गं.

सदाशिवपेठी | सकाळी ६:३२

तपासलं. गणित बरोबर आहे. हे मला सुचायला हवं होतं.

वाचनमात्र | सकाळी ७:१५

पण मग ३८,००० कुठल्या दिवशी झाले? डायरीत असेल ना!

अटकमटक | सकाळी ८:००

काका? ट्रंक उघडा.

पाणीपुरवठा | दुपारी १२:४५

मुंबईची एखादी शर्यत नाहीतर साताऱ्याचा घाट निघाला तर धाग्याचं सोनं होईल.

टेकडीवाला६४ | रात्री ८:५५

दिवसभर पॅकर्सवाले होते, ट्रंक सगळ्यात खाली दाबली गेली होती. आत्ता काढली. शेवटून मागे मोजत गेलो, दोनदा मोजलं, आणि बायकोकडून तिसऱ्यांदा मोजून घेतलं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. नोंद जशीच्या तशी:

"सारसबाग – पर्वती पायथा – परत. ५ किमी. कंटाळा. टाच. येताना दूध विसरलो, परत गेलो."

सदाशिवपेठी | रात्री ९:०१

परत गेलात ते अंतर पाचात धरलंय का?

टेकडीवाला६४ | रात्री ९:०४

नाही. ते चालत गेलो होतो.